सर्व वयोगटांसाठी योग्य असं एक घर

चौगुल्यांच्या दारावर पाटी उजळली तेव्हा आण्णा चौगुले पायजम्यावर बाहेर आले, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल असं वाचलं, "यूए सोळा प्लस. शिवीगाळ, सतत. जेवणावरून धमक्या. धूम्रपानाच्या आठवणी." मग पाटीकडं बघत म्हणाले, "सुक्काळीचं, आठवणी पण मोजतंय!"

चौकटीवरच्या वाटाण्याएवढ्या भिंगात लाल ठिपका लुकलुकला.

"आण्णा!" आतून त्यांची मुलगी धनश्री ओरडली. "दारातलंसुद्धा ऐकतंय ते!"

"ऐकू दे की. शिवी कुठं देतोय मी? बोलतोय."

आण्णांची नात राजवी पायरीवर बसून बूट घालत होती. सहा वर्षांची. तिनं विचारलं, "आजोबा, सुक्काळीचं म्हणजे काय?"

"म्हणजे तू," आण्णा म्हणाले आणि तिच्या टाळूवर मोठ्या मायेनं टपली मारली. भिंगाला त्यात मारहाण दिसली. ठिपका परत लुकलुकला.

आण्णांना हा प्रकार मनापासून विनोदी वाटायचा. त्यांनी उभी हयात कोल्हापुरातल्या एका थेटरात डोअरकीपर म्हणून काढली होती. प्रौढांच्या सिनेमाला कुणाला सोडायचं हे त्या काळात मशीन ठरवत नव्हतं, आण्णा ठरवायचे. मिशी फुटली असली तर आत. नसली तर घरी. आणि घरी जाताना थेटरातला वडा आण्णांना खाऊ घातला, तर मग आतच. शहराची नीतिमत्ता अशी कित्येक वर्षं वड्यावर टिकून होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

धनश्रीला मात्र हसू येत नव्हतं. नवऱ्यापासून सुटून ती राजवीला घेऊन माहेरी आली होती, आणि राजवी कुणाकडं राहणार हे कोर्ट ठरवणार होतं. कोर्ट म्हणजे शेवटी पाटीच. गृहवर्गीकरण मंडळाच्या तांबोळी मॅडम स्वतः येऊन समजावून गेल्या होत्या.

"दोन घरांपैकी ज्याचं वर्गीकरण खालच्या वयाचं, मूल त्या घरी. तुमच्या मिस्टरांचं पुण्यातलं घर यू आहे. सर्व वयोगटांसाठी."

"मिस्टर नाहीत ते आता."

"बरं, त्यांचं. तुम्हालाही यू मिळालं तर बरोबरी. बरोबरी झाली की मूल आहे तिथंच राहतं. म्हणजे तुमच्याकडं. पण यूच पाहिजे, सात प्लससुद्धा चालणार नाही. अंतिम तपासणी येत्या रविवारी, सकाळपासून दुपारी चारपर्यंत. आणि धनश्रीताई," मॅडमनी आवाज खाली आणला, "वडिलांचं काहीतरी बघा."

आधीच्या नवऱ्याच्या, कौस्तुभच्या घराला यू कसं मिळालं हे धनश्रीला ठाऊक होतं. कौस्तुभचा आवाज कधीच चढायचा नाही. तो हसायचा. राजवीनं अंथरूण ओलं केलं की तो हसत हसत तिला बाल्कनीत उभी करायचा, काच लावून घ्यायचा आणि हसत हसत चहा प्यायचा. थंडी असली तरी. भिंगाला काय दिसायचं? हसरा बाप, बाल्कनीत मुलगी, मागं टेकडी. निसर्गदृश्य.

धनश्रीनं हे कोर्टात सांगितलं होतं. न्यायाधीशबाईंनी चित्रण मागवलं, बघितलं, आणि टेकडी कुठली म्हणून विचारलं.

हे सगळं सिनेमावरून सुरू झालं होतं. पूर्वी सिनेमाच्या आधी सूचना यायची, यात शिवीगाळ आहे, रक्तपात आहे, मुलांना मोठ्यांबरोबर बसवा. ती सूचना माणसं सिनेमा बघून लिहायची. मग सिनेमे मशीन बनवायला लागलं, आणि तेही प्रेक्षक सोफ्यावर टेकल्यावर, त्याच्या मूडप्रमाणे, चालता चालता. जो सिनेमा अजून झालाच नाही त्याची सूचना लिहायची कुणी? म्हणून सूचना देणारंही मशीन आलं. त्याला जुन्या सिनेमांतले लाखो तुकडे दाखवले, त्या तुकड्यांवर माणसांनी लावलेल्या खुणा दाखवल्या, आणि विचारलं, हे घडण्याआधी काय घडतं ते शोध. त्यानं शोधलं. थोबाडीत बसायच्या आधी मारणाऱ्याचा खांदा मागं जातो. त्याआधी त्याचा श्वास अडतो. त्याच्याही आधी खोलीतला पंखा ऐकू यायला लागतो, कारण माणसं गप्प झालेली असतात. असल्या बारीकसारीक गोष्टींची बेरीज करून ते पुढचा प्रसंग आधीच सांगायचं. सरकारी नाव पूर्वसूचक. लोक म्हणायचे पोपट, कारण पिंजऱ्यातून बाहेर येऊन भविष्याची चिठ्ठी काढणाराच तो.

मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे घरातच लावून बघू. पहिल्याच चाचणीत पोपटानं एका जोडप्याचं भांडण आधीच सांगितलं. त्या जोडप्याला तोवर पत्ताही नव्हता. सूचना वाचली आणि त्यावरूनच ते भांडले. चाचणी शंभर टक्के यशस्वी.

त्यानंतर पोपट पाळणाघरात गेला, दत्तक कार्यालयात गेला, कोर्टात गेला, आणि शेवटी दारोदार बसला. वाढदिवसाला पोरं पाठवताना आया आधी पाटी विचारायला लागल्या. लग्नाच्या जाहिरातींत 'यू घरातील सुस्वभावी मुलगी' यायला लागलं. 'प्रौढ' पाटीचं घर दिसलं की कॉलेजची पोरं आशेनं बेल दाबायची आणि आत एखादे पेन्शनर गुडघ्याला तेल लावत बसलेले बघून शिव्या घालत परत जायची. मंगळवार पेठेतल्या एका कुटुंबाला सत्यनारायणाचं तीर्थ घेताना 'सामूहिक मद्यपान' लागलं. एका मास्तरांना कलिंगड कापल्याबद्दल अठरा प्लस. अपिलात ते कलिंगड घेऊन गेले, कोर्टापुढं कापून दाखवलं, आणि कोर्टालाही अठरा प्लस लागलं.

लोक हसले आणि सरावले.

सोळा प्लसची पाटी लागली त्या दिवसापासून आण्णांनी शिव्या सोडल्या. नातीसाठी सोडल्या, त्यामुळे खरंच सोडल्या. पण झालं असं की शिवी काढून टाकल्यावर त्यांच्या वाक्यात काही उरायचंच नाही. ते तोंड उघडायचे, विचार करायचे, आणि मिटायचे. भाजी खारट झाली तर ताटाकडं बघत बसायचे. धनश्री त्यांच्याकडं बघत बसायची. राजवी दोघांकडं. ताटवाट्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, बास.

गुरुवारी पाटी बदलली. 'प्रौढ. दबलेला क्रोध. हिंसा, लवकरच.'

आण्णा पाटीपुढं कितीतरी वेळ उभे राहिले. "आता मी काय केलं? गप्प तर बसलोय."

धनश्री मटकन पायरीवर बसली. "त्याच्यामुळंच."

"कशामुळं?"

"गप्प बसल्यामुळं. आण्णा, मी लग्नाआधी त्या खुणा लावायच्या ऑफिसात होते ना? पोपटाला दाखवायचे तुकडे आम्हीच निवडायचो. दिवसाला ढीगभर सिनेमे. बघत कोण बसणार? चौपट वेगानं पळवायचो. त्या वेगात बोलणं कळत नाही, नुसती चिवचिव होते. चिवचिव थांबली आणि माणसं जेवताना गप्प दिसली, की आम्ही न बघता खूण ठोकायचो, पुढं हिंसा. बहुतेक वेळा बरोबरच निघायचं. सिनेमात जेवताना उगाच कोण गप्प बसवतंय?"

"म्हणजे आपल्या घरात आता खून होणार असं वाटतंय त्याला?"

"हो."

"कुणाचा?"

"तुमचं तोंड बघून वाटतंय, माझा."

आण्णा पहिल्यांदाच गंभीर झाले. "मग काय करायचं ते सांग बाळ. नाचू का?"

तसंच काहीसं करायचं होतं. धनश्रीला पोपटाच्या सगळ्या कच्च्या जागा माहीत होत्या. शिव्यांची यादी त्याला पाठ होती, पण बाकी शब्दांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता, कारण सिनेमात माणसं बोलतात एक आणि करतात भलतंच. त्याचा भरवसा आवाजाच्या चढउतारावर आणि चेहऱ्यांवर. तेव्हा रविवारी काहीही बोललं तरी चालेल, फक्त गोड आवाजात, दात दाखवून, आणि न थांबता. घरातला पोपट गुरुवारची पाटी लावून दोन दिवस झोपणार होता, रविवारी सकाळी जागा होणार होता. तेवढ्या वेळात तालीम.

"पाणी द्या," असं आण्णांनी म्हणायचं होतं.

"पाणी दे गं," आण्णा म्हणाले.

"हसून."

आण्णांनी हसून सांगितलं. राजवी घाबरून आईमागं लपली.

"आण्णा, एवढं नाही. दात आवळून हसल्यावर दरोडेखोर वाटताय तुम्ही."

"आमच्या घराण्यात कोण हसून पाणी मागत न्हाई. माझा बा तर मागायचाच न्हाई, नुसता खाकरायचा."

तांबडा रस्सा रद्द झाला, कारण लांबून तो रक्तासारखा दिसतो. सुरी रद्द, भाजी हातानं मोडायची. कुस्तीचे फोटो भिंतीवरून उतरले. त्या जागी धनश्रीनं फुलपाखरांचं कॅलेंडर लावलं. राजवीला हा सगळा खेळ इतका आवडला, की ती आजोबांची मास्तरीण झाली. "आजोबा, गाल वर. आणखी वर. आता डोळे पण." आण्णा तिचं ऐकून गाल वर करायचे, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांना खरोखर बरं हसता यायला लागलं. फक्त मधेच थांबून ते छाती चोळायचे. "ॲसिडिटी," म्हणायचे. "हसण्याची सवय न्हाई."

रविवारी सकाळी पोपट जागा झाला. खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंगात हिरवा ठिपका स्थिर. धनश्रीनं एक श्वास घेतला आणि सुरू झाली.

"गुड मॉर्निंग आण्णा! काय सुंदर सकाळ आहे!"

"व्हय की गं बाळ! काय ते ऊन!"

"मम्मी, मी दात घासले!" राजवी ओरडली आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या.

पोहे हसत झाले. आंघोळी गाण्यात झाल्या. शेजारच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या तर तिघांनी त्यांचं असं काही स्वागत केलं, की बाई साखर न घेताच गेल्या. बारा वाजता धनश्रीच्या गालांत गोळे आले होते, पण ठिपका हिरवाच होता.

एक वाजायच्या सुमाराला ती वरणभात कालवत असताना तिचं आण्णांकडं लक्ष गेलं. ते बाहेरच्या सोप्यातल्या खुर्चीत बसले होते, चेहऱ्यावर तालमीतलं हसू तसंच, आणि बनियन घामानं अंगाला चिकटलं होतं. डाव्या हाताची मूठ ते उघडझाप करत होते.

"अय्या आण्णा!" धनश्री लाडात म्हणाली. "किती घाम आलाय हो तुम्हाला!"

"आलाय की गं!" आण्णा तितक्याच लाडात. "आणि छातीवर कसं, कुणी मांडी घालून बसल्यागत!"

"हातात पण?"

"हातात पण! पार खांद्यापर्यंत!" आणि ते हसले.

"मग बोलवूया का गाडी? दवाखान्याची? पीं पीं करत येईल!"

आण्णांनी भिंगाकडं बघितलं नाही. राजवीकडं बघितलं. ती चमच्यात फुंकर घालत होती.

"गाडी आली की काय लागतंय गं पाटीवर?" त्यांनी बडबडगीतासारखं विचारलं.

धनश्रीला माहीत होतं. दारात अँब्युलन्स म्हणजे तेरा प्लस, तिथल्या तिथं. ती हसत भात कालवत राहिली.

"मग चार वाजता बोलव की! आता काय गडबड हाय!" आण्णा म्हणाले. "ॲसिडिटीच हाय माझी बाय ती."

धनश्रीला वाटलं, फोन उचलावा. तिचा हात फोनापर्यंत गेलाही. तो काळ्या काचेवर टेकला आणि तिला पुण्यातल्या बाल्कनीच्या काचेमागं उभी असलेली राजवी दिसली, स्वेटर नसलेली. हात मागं आला. त्यानं वरणाचा चमचा धरला. तीन तासांचा तर प्रश्न आहे, ती स्वतःशी म्हणाली. माणसं तीन तास काढतात.

जेवणं झाली. आण्णांनी दोन घास खाल्ले. श्रीखंडाची वाटी हातात धरून ते राजवीला गोष्ट सांगायला लागले, कारण गोष्ट सांगणारा आजोबा पोपटाला फार आवडतो.

"तर मी थेटराच्या दारात उभा. सिनेमा मोठ्या माणसांचा. तेवढ्यात आलं एक पोरगं. असंल आठवी-नववीत. मिशी ही अशी झुपकेदार! मी म्हटलं, च्याय..." आण्णा थबकले. राजवीनं डोळे मोठे केले. "म्हटलं, अरे वा! जवळ बोलावलं. बघतोय तर काय, काजळाची मिशी! आणि पोरगं उन्हातनं पळत आलेलं, घाम आला, तशी मिशी लागली वघळायला. इकडनं एक वघळ, तिकडनं एक वघळ. मग मी त्याला म्हटलं..."

"काय म्हटलं?" राजवी.

आण्णांची मान किंचित डावीकडं कलली. गाल वर होते. डोळे अर्धवट मिटलेले. श्रीखंडाची वाटी पोटावर तशीच सरळ उभी.

"काय म्हटलं आजोबा?"

पंखा ऐकू यायला लागला.

धनश्रीनं तो पंखा ऐकला आणि तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या. एक म्हणजे आण्णा गेले. आणि दुसरी, पोपटाला ते कळलेलं नाही. कळणारही नाही. ऑफिसात त्यांनी मरणाचे हजारो तुकडे निवडले होते, आणि चौपट वेगात मेलेला माणूस नि झोपलेला माणूस सारखाच दिसतो. म्हणून मरणाची खूण ते मेलेल्याकडं बघून कधी लावायचेच नाहीत. आजूबाजूचे किंचाळले, ऊर बडवायला लागले, की लावायचे. माणूस मेला हे पोपटाला बाकीच्यांच्या तोंडावरून कळत होतं. आणि बाकीचं म्हणून या घरात एकच मोठं तोंड होतं.

दीड वाजला होता.

"आजोबांना झोप लागली वाटतं!" ती म्हणाली. आवाज वर गेला, खाली आला, बरोबर जिथं जायचा तिथं. "पुढची गोष्ट मी सांगते हं. आजोबा त्या मुलाला म्हणाले, पोरा, मिशी काढायला एवढे कष्ट घेतलेस, कष्टाची कदर केली पाहिजे. जा आत! आणि त्यांनी काय केलं माहितेय? आपला रुमाल दिला त्याला. तोंड पुसायला."

राजवी हसली. धनश्री हसली. ती उठली, आण्णांच्या हातातून वाटी काढून घेतली, त्यांच्या मानेखाली उशी सारली, केसांवरून हात फिरवला. ठिपका अधिकच गडद हिरवा झाला. वडिलांची काळजी घेणारी लेक. पोपटाच्या हिशेबात याहून चांगला प्रसंग नसतो.

मग ती बोलत राहिली. भांडी घासताना बोलली, भांड्यांशी. राजवीबरोबर चित्रं रंगवली, भेंड्या खेळली. आण्णांवर भेंडी आली की म्हणायची, "आजोबा झोपलेत, त्यांची मी म्हणते!" आणि म्हणायची. राजवीनं तर एकदा आजोबांचा हात उचलून स्वतःच्या हातावर टाळी देऊन बघितली. मग तो हात हळूच त्यांच्या मांडीवर ठेवला, आणि आणखी मोठ्यानं हसली. बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटला असता.

चार वाजले. ठिपका विझला. बाहेर दारावर पाटी बदलल्याचा बारीक टिंग आवाज झाला आणि त्याच मिनिटाला फोन वाजला.

"अभिनंदन धनश्रीताई!" तांबोळी मॅडम. "यू! स्वच्छ यू! कोर्टाकडं गेलंसुद्धा. राजवी तुमच्याकडंच राहणार. आणि ऐका, दुपारचा तो तुकडा आहे ना, आजोबा खुर्चीत निवांत डुलकी काढतायत, तुम्ही उशी देताय, मुलगी खेळतेय... मंडळ तो नमुना म्हणून निवडतंय. राज्यातल्या सगळ्या घरांना दाखवायला. वडिलांनी काय काम केलंय हो! इतका समाधानी चेहरा! देता का त्यांना फोन?"

"मॅडम," धनश्री म्हणाली. तिचा आवाज अजून गोडच होता, तिला तो खाली आणता येत नव्हता. "वडील गेले."

पलीकडून मॅडमचा कामाचा आवाज. "कधी?"

मृत्यू तपासणीत झाला असेल आणि मूल खोलीत असेल तर यू रद्द. दोघींनाही हे माहीत होतं.

"आत्ता," धनश्री म्हणाली. "तुमचा फोन वाजला, त्याच्यानंतर."

"अरेरे," मॅडम म्हणाल्या. "आनंदानंच म्हणायचं. मुलीला आत पाठवा हं आधी. आणि... नमुन्याला तुमची परवानगी आहे असं मी धरते."

फोन बंद झाला. धनश्री वळली. राजवी खुर्चीशेजारी उभी होती. ओल्या फडक्यानं ती आजोबांच्या ओठावरचं श्रीखंड पुसत होती.

"राजवी, इकडं ये बाळ. आजोबा..."

"मला माहितेय," राजवी म्हणाली. "टाळी दिली तेव्हा हात गार लागला. तू हसत होतीस, म्हणून मी पण हसले."

धनश्री जमिनीवर बसली आणि तिनं लेकीला ओढून मांडीत घेतलं. लहानसं अंग ताठ होतं. गाल अजून वर होते, शिकवल्यासारखे.

"आता रड," धनश्री म्हणाली. "आता चालतं. रड तू."

राजवीनं मान वळवून कोपऱ्यातल्या भिंगाकडं बघितलं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं.

"बंद झालंय? नक्की?"

"नक्की."

राजवीनं विचार केला.

"तू आधी रड," ती म्हणाली. "काय होतंय ते मी बघते."